पडून राहिलेल्या घरातली राहती

आमच्या समोरचं घर विकायला काढलं तेव्हा दोघा मालक भावांपैकी थोरला छाती फुगवून म्हणाला होता, "बघा तुम्ही, गिऱ्हाइकं रांग लावतील." भावही त्याने तसाच सांगितला, आभाळाला भिडलेला. रांग काही लागली नाही. मग धाकट्याला संशय आला की थोरला मधल्यामध्ये हात मारतोय, म्हणून तो सहीच करेना. दोघं एकमेकांचं तोंड बघेनासे झाले आणि घर कुलूप लावून तसंच राहिलं. फाटकावरची 'विकणे आहे' ही पाटी उन्हाने आधी पिवळी पडली, मग पांढरी. पुढे भावांचं जमलं, भावही खाली आला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. बघायला येणारा प्रत्येक जण आधी पाटीकडे बघायचा आणि बायकोच्या कानाला लागायचा, "इतके दिवस पडून आहे, म्हणजे काहीतरी असणार."

घरात काहीही नव्हतं. मी लग्न होऊन आल्यापासून त्याच्या समोर राहते, मला माहीत आहे. भिंती जाड, विहिरीला पाणी, पावसात एक थेंब आत येत नाही. पण दोन स्थळांनी नाकारलेल्या मुलीचं जे होतं ते त्या घराचं झालं होतं. तिसरा मुलीकडे बघतच नाही, आधीच्या दोघांनी का नाकारली असेल याचाच विचार करत बसतो.

एके दिवशी त्या घरासमोर टेंपो थांबला. सोफा उतरला, पलंग, पडदे, चार कुंड्या, भिंतीवरचं घड्याळ असं सगळं उतरलं आणि शेवटी पुढच्या सीटवरून एक बाई उतरली. साठीला टेकलेली, सडसडीत, केस घट्ट मागे बांधलेले, हातात एकच बॅग. मी सवयीने विचारलं, "नवीन मालक का?"

"छे छे," ती म्हणाली, "मी त्यांची मावशी. घर विकेपर्यंत राहणार आहे."

ती कोणाचीच मावशी नव्हती हे मला आठवड्याभरात कळलं. तिनेच सांगितलं. दुपारी माझ्या पायरीवर चहा प्यायला बसायला लागली तेव्हा बोलता बोलता म्हणाली, "लपवून काय करायचं, तुम्ही काही घर घेणार नाही." दलालाच्या ऑफिसात तिला सगळे राहती म्हणायचे. हेच तिचं काम होतं. विकत नसलेल्या घरात जाऊन राहायचं. दलाल मोठा हुशार माणूस. तो म्हणायचा, "मावशी, रिकामं घर म्हणजे उघडं पडलेलं मढं. माणूस आत शिरला की आधी नाक मुरडतो आणि मग भाव पाडतो. तेच आत कोणी नांदत असलं, चुलीवर काही रटरटत असलं, की त्याला वाटतं आपणही इथे नांदू." म्हणून तो टेंपोभर सामान आणि ही बाई घराघरांतून फिरवायचा. डोक्यावर छप्पर, वर थोडाफार पगार. घर विकलं की दोन दिवसांत बॅग उचलायची आणि पुढच्या घरी. काम जितकं चांगलं करावं तितक्या लवकर तिला हाकललं जायचं, असा तो न्याय होता.

तिचं स्वतःचं घर होतं एके काळी. नवऱ्याचं इस्त्रीचं दुकान होतं, मागे दोन खोल्या. नवऱ्याच्या आजारपणात दुकान गेलं, खोल्या गेल्या आणि शेवटी नवराही गेला. मग तिने दवाखान्यात आया म्हणून काढली काही वर्षं. तिथेच दलाल पेशंट म्हणून पडला होता. हिने त्याच्या अंथरुणाच्या चादरीचा कोपरा ज्या सफाईने दुमडला ते बघून त्याला म्हणे ही कल्पना सुचली.

काम ती जीव ओतून करायची. दाराशी पुरुषाच्या वहाणांचा एक जोड, टेबलावर अर्धं वाचलेलं वर्तमानपत्र आणि त्यावर चष्मा. लोक यायच्या जरा आधी तेलावर कांदा परतायचा. ओल आलेल्या भिंतीला कपाट लावायचं, पंखे सकाळपासून चालू ठेवायचे. शेजारी वेल्डिंगचं दुकान असेल तर त्याच्या सुट्टीच्या दिवशीच गिऱ्हाईक बोलवायचं. हे सांगताना ती पोट धरून हसायची.

"लोक घर बघायला येतात आणि पडदे बघून जातात," ती म्हणायची. "नळ सोडून कोणी बघत नाही. संडासात पाणी ओतून बघायला तर लाजच वाटते त्यांना. आयुष्यभराची पुंजी लावायची आणि कपाटामागे डोकवायचं नाही! दुसऱ्याच्या घरात कसं हो कपाट हलवायचं, म्हणतात. अरे, उद्या तुझंच होणार ना ते?"

एका घराचं तिने सांगितलं ते मात्र मला त्या रात्री जेवण जाईना असं होतं. घर ओलं होतं, पायापासूनच. घेणारी एक शाळामास्तरीण होती, तिच्याबरोबर तिची म्हातारी आई. म्हातारीला दम्याचा त्रास. लेक खोल्या मोजत फिरत होती आणि म्हातारी राहतीच्या शेजारी सोफ्यावर बसली होती. तिने हिचा हात धरला आणि विचारलं, "बाई, तुम्ही माझ्याच वयाच्या. खरं सांगा, इथे छातीला बरं वाटतं ना?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, मला पण दमा होता, इथे आले आणि गेला." तिने चहाचा घोट घेतला. "पहिल्या पावसातच म्हातारीला दवाखान्यात न्यावं लागलं म्हणे. परत आली नाही."

"तुम्हाला काही वाटलं नाही?"

"भिंत मी ओली केली होती का?" ती म्हणाली. मग कप खाली ठेवत म्हणाली, "वॉर्डात पण हाच नियम होता. कॉट रिकामी झाली की चादर बदलायची. कोण झोपला होता ते आठवत बसलं की दुसऱ्याचं कोण करणार?"

तिला मी तेव्हा मनात नावं ठेवली. पण दुपारचा चहा काही थांबवला नाही. तिच्यासारखं बोलणारं माणूस आमच्या गल्लीत दुसरं नव्हतं.

समोरचं घर काही विकलं जाईना. एवढे दिवस ती कुठल्याच घरात राहिली नव्हती. दलाल वैतागला. त्याने भावांना समजावून भाव आणखी उतरवला, तर येणारे आणखी बिचकले. तो फाटकाशी उभा राहून माझ्याकडेच गाऱ्हाणं सांगायचा, "वहिनी, काय लोक आहेत बघा. महाग सांगितलं तर परवडत नाही, स्वस्त सांगितलं तर भूत आहे का विचारतात."

भूत नव्हतं, पण राहती बदलायला लागली होती. पहिल्यांदा मला ते तिच्या झोपण्यावरून कळलं. नियम असा की राहतीने मागच्या लहान खोलीत, स्वयंपाकघरापलीकडे झोपायचं, म्हणजे मोठ्या खोल्या गिऱ्हाइकासाठी तशाच नीटनेटक्या राहतात. हिने आपली गादी पूर्वेच्या खोलीत खिडकीखाली नेली. मग खिडकीची मोडकी कडी स्वतः बदलून आणली. मागच्या अंगणात वांगी लावली. वांगी लावणारा माणूस दोन दिवसांत उठून जायच्या तयारीत नसतो. एक दिवस मी आत गेले तर स्वयंपाकघरात तिच्या नवऱ्याचा फोटो टांगलेला. घरात कोणाचा फोटो लावायचा नाही, गिऱ्हाइकाला परकं वाटतं, हा दलालाचा पहिला नियम होता.

"कोणी आलं की काढते," ती म्हणाली.

पुढे तेही बंद झालं.

त्यानंतर एका रविवारी एक तरुण जोडपं आलं. बायकोला दिवस गेलेले. मी वाटी परत करायला गेले होते आणि तिथेच टेकले होते. त्या मुलीला घर मनापासून आवडलं होतं, ते तिच्या चालण्यावरूनच दिसत होतं. प्रत्येक खोलीत जाऊन ती एकदा मधोमध उभी राहायची. शेवटी नवऱ्याने विचारलं, "मावशी, तुम्ही इथे राहताय. काही त्रास वगैरे?"

"नाही हो," राहती म्हणाली. मग ती थांबली. जमिनीकडे बघितलं, बोटातली अंगठी एकदा फिरवली. "तसा त्रास असा काही नाही."

एवढंच. मुलीने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने घड्याळाकडे. बघून कळवतो म्हणाले. फाटकाबाहेर पडल्यावर मुलगी वळून वळून खिडकीकडे बघत होती आणि नवरा तिला दंडाला धरून नेत होता.

मी म्हटलं, "अहो, हे काय केलंत तुम्ही?"

"काय केलं? एक अक्षर तरी खोटं बोलले का?"

खोटं एक अक्षर नव्हतं हे खरंच. इतकी वर्षं खोटं बोलून जिने घरं विकली, तीच बाई आता खरं बोलून घर विकू देत नव्हती. त्या थांबण्याने किती गिऱ्हाइकं परत गेली त्याची गणती मी ठेवली नाही. कोणी नवीन संसार मांडायला निघालेले, कोणी भाड्याच्या घरातून काढलेले. एक विधुर गृहस्थ तर दोनदा आले आणि दोन्ही वेळा तिने त्यांना तसंच घाबरवून पाठवलं. मला त्यांची दया यायची, तिला नाही. "त्यांना दुसरी घरं मिळतील," ती म्हणायची. दलालाला पत्ता नव्हता. त्याला वाटायचं, घराचंच नशीब फुटकं.

आणि मग तिची मुलगीच आली.

मुलगी आमच्याच शहरात दिलेली होती, पण येणं-जाणं जवळजवळ तुटलेलं. आई कोणा आजारी बाईची सोबत करते, असं तिने सासरी सांगितलं होतं. त्या दिवशी दलाल स्वतः गाडीतून एका जोडप्याला घेऊन आला, दार उघडलं आणि नेहमीच्या थाटात म्हणाला, "या घरमालकांच्या मावशी." समोर लेक आणि जावई. तिघांनीही ओळख दाखवली नाही. दलालाच्या ते ध्यानात आलं नाही, तो छताची उंची सांगत पुढे गेला.

राहतीने सुचवलं, "साहेबांना वरची टाकी दाखवून आणा ना." दलाल जावयाला घेऊन गच्चीवर गेला आणि मायलेकी स्वयंपाकघरात राहिल्या. पुढचं सगळं तिने मला त्याच दिवशी सांगितलं, आणि नंतर पुन्हा पुन्हा सांगितलं.

"घे हे घर," ती लेकीला म्हणाली. "डोळे मिटून घे."

"डोळे मिटूनच घ्यायला लावायचं. हाच धंदा आहे ना तुझा?"

"अगं, दुसऱ्यांना काय वाटेल ते सांगितलं असेन. तुला सांगतेय. मी दोन पावसाळे काढलेत इथे. भिंतीला हात लावून बघ."

लेकीने भिंतीला हात लावला नाही. भिंतीवरच्या फोटोकडे, बापाकडे, बघत म्हणाली, "दुकानात कोणाचा सदरा जळला की तू तो अशी घडी घालून द्यायचीस की भोक आत जायचं. मी शेजारी उभी असायचे. गिऱ्हाईक हसत हसत घेऊन जायचं. आता घरं घडी घालून देतेस."

"ह्या घराला भोक नाही गं."

"मग इतके दिवस कोणी घेतलं का नाही?"

याचं उत्तर तिच्याकडे होतं. मी घेऊ दिलं नाही, हे उत्तर. ते तिला लेकीला सांगता येईना. त्याऐवजी तिने दुसरंच बोलून टाकलं, जे बोलायला नको होतं. "मागची लहान खोली मला दे. तुझी मुलं सांभाळीन, भांडी घाशीन, पैसा मागणार नाही."

लेकीचा चेहरा बदलला. "असं आहे होय," ती म्हणाली. "म्हणजे हे त्यासाठी."

त्यानंतर तिने किती शपथा घातल्या असतील, त्या सगळ्या त्या एका वाक्याखाली गाडल्या गेल्या. जावई गच्चीवरून उतरला तेव्हा लेक फाटकाबाहेर जाऊन उभी होती.

दलालाने त्यांना मग दुसरं घर दाखवलं. खालच्या वस्तीतलं, नुकतंच रंगवलेलं, पाटी लागून आठवडाही न झालेलं. ते घर बघत असतानाच तिथे आणखी दोघं जण आले आणि आत्ताच्या आत्ता इसार देतो म्हणून दलालाशी हुज्जत घालायला लागले. जावयाने घाईघाईने तिथल्या तिथे व्यवहार ठरवून टाकला. राहतीच्या कानावर हे गेलं तसं तिने लेकीला फोन केला, माझ्याच फोनवरून. "ते दोघं दलालाचे भाचे आहेत. मी ओळखते त्यांना. प्रत्येक ठिकाणी हेच नाटक करतात. थांब, घाई करू नकोस, एक पाऊस पडू दे."

पलीकडून लेक जे म्हणाली ते मलाही ऐकू आलं. "तुझं ते घर खपत नाही म्हणून माझं मोडू नकोस." आणि फोन ठेवला.

राहतीने फोन माझ्या हातात दिला, पुसून दिला आधी. म्हणाली, "जे घर झटकन उचललं जातं त्याचं कोणी काही विचारत नाही बघा. सगळे प्रश्न पडून राहिलेल्यालाच."

त्या पावसाळ्यात पाहणीवाला आला. हा विमा कंपनीतून निवृत्त झालेला गृहस्थ. आग लागलेली दुकानं, बुडालेली गोदामं बघून खरं नुकसान किती आणि बनाव किती ते ठरवण्यात त्याचा जन्म गेला होता. उंच, कोरडा, हसला तरी ओठ न उघडणारा. इतरांसारखा तो रविवारी बायकोला घेऊन आला नाही. एकटा आला, कामाच्या दिवशी, भर दुपारी. मग मुसळधार पावसात आला, छत्री मिटून गटाराच्या तोंडाशी उभा राहून पाणी कुठे जातं ते बघत. मग दिवेलागणीला आला. त्याने नळ सोडले, संडासात बादलीभर पाणी ओतलं, राहतीला न विचारता कपाट ओढून मागे हात घातला. आमच्याकडेही आला. मी त्याला भावांचं भांडण सांगितलं, पहिला भाव सांगितला, सगळं जसं होतं तसं सांगितलं.

त्याने विचारलं, "आणि त्या बाई कधीपासून आहेत?"

"झाली की दोनेक वर्षं."

"हं," तो म्हणाला, आणि मला बरोबर चला म्हणाला.

आम्ही गेलो तेव्हा राहती वांगी निवडत होती. त्याने तोच प्रश्न विचारला, सगळे विचारायचे तो. ती म्हणाली, "नाही हो." मग थांबली, जमिनीकडे बघितलं, अंगठी फिरवली. "तसा त्रास असा..."

"पुरे," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "बाई, माझ्या कामात दोन तऱ्हेचे खोटे भेटायचे. एक झालेलं नुकसान लपवणारे. दुसरे न झालेलं दाखवणारे. तुम्ही दुसऱ्यांतल्या. तुमची गादी सगळ्यात चांगल्या खोलीत आहे, भिंतीला नवऱ्याचा फोटो आहे, मागे भाजी लावली आहे. जिला घर विकायला ठेवलंय तिलाच इथून निघायचं नाही. मला याच्याहून चांगला दाखला कोण देणार?"

राहतीच्या हातातलं वांगं तसंच राहिलं.

तो माझ्याकडे वळून, एखाद्या शिकाऊ माणसाला सांगावं तसं म्हणाला, "पडून राहिलेलं घर बघताना लोक विचारतात, यात खोट काय? मी विचारतो, हे पडून राहण्यात फायदा कोणाचा? ते एकदा कळलं की भिंती बघायला फारसा वेळ लागत नाही."

एवढ्यावर तो थांबला असता तर बरं झालं असतं. घर त्याला मिळणारच होतं. पण तो तडक दलालाकडे गेला आणि सांगितलं की तुमचीच बाई गिऱ्हाइकं पळवते. ही गोष्ट भावांच्या कानावर गेली तर तुमचं काय होईल? दलालाची पाचावर धारण बसली. त्याने भावांची अशी काही समजूत घातली की घर जवळजवळ फुकटात गेलं.

सामान न्यायला टेंपो आला त्या सकाळी दलाल फाटकातूनच ओरडत आला. मावशीवरून तो अगेतुगेवर आला होता. "दवाखान्यात गू-मूत काढत होतीस! मी आणलं तुला माणसांत! आणि माझ्याच ताटात थुंकलीस?" गडी सोफा, पलंग, पडदे काढत होते. गादीवरची चादर ओढली तशी ती म्हणाली, "ती माझी आहे." दलाल म्हणाला, "तुझं इथे काय आहे गं?" आणि चादर टेंपोत गेली.

पाहणीवाला अंगणात उभा राहून माप घेत होता. राहती त्याच्याकडे गेली. मी तिला कधी कोणापुढे वाकलेलं बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं. "साहेब, मागची खोली तुम्हाला लागणार नाही. मला राहू द्या. घर सांभाळीन. ह्या घराचं मला सगळं माहीत आहे."

त्याने टेप गुंडाळली. "मी घर घेतलंय, बाई," तो म्हणाला. "त्यातलं सामान घेतलेलं नाही."

मी तिला जेवून जा म्हणाले. ती थांबली नाही. बॅग उचलली आणि लेकीकडे गेली, कारण जाण्यासारखं दुसरं ठिकाणच नव्हतं.

पावसाळा संपता संपता माझं त्या बाजूला काम निघालं, म्हणून मी विचारत विचारत त्या घरी गेले. ते ओळखायला वेळ लागला नाही. रस्त्यापेक्षा खाली, पायरीपर्यंत चिखलाची रेघ, आणि फाटकावर पाटी, 'विकणे आहे'. लेकीने हसत दार उघडलं, "या, या, आधी चहा घ्या ना," म्हणाली. मी कोण ते सांगितल्यावर हसू गेलं.

"आई मागे आहे," ती म्हणाली. "पण जरा लवकर आटपा. दुपारी लोक यायचे आहेत बघायला."

मागे म्हणजे न्हाणीघराला लागून एक अडगळीची खोली होती. राहती उलट्या बादलीवर बसली होती, पाय ओले, बाजूला पिळलेल्या फडक्यांचा ढीग. पाऊस पडला की गटाराचं पाणी न्हाणीतून उलटं वर यायचं आणि ते टिपत बसायचं काम तिच्याकडे होतं. ती खोकत होती.

"तुम्हाला इथे का बसवलंय?" मी विचारलं.

"माझं तोंड बाजारात माहीत झालंय," ती म्हणाली. "पाहणीवाल्याने सगळीकडे गोष्ट सांगितली. मला घरात बघितलं की लोक म्हणतात, ही दलालाची बाई, म्हणजे घरात काहीतरी आहे. म्हणून कोणी आलं की मी आत. खोकायचं नाही असं बजावलंय." आणि तिला खरंच हसू आलं. "काहीतरी आहेच की हो घरात. लोक बरोबरच बोलतात."

मग तिने समोरच्या घराची चौकशी केली. मी सांगितलं की पाहणीवाल्याने वांगी उपटली, तिथे फरशी घातली. पूर्वेची खिडकी बुजवून कपाट केलं, त्याला फाइली ठेवायला जागा हवी होती.

"खिडकी बुजवली?" एवढंच ती म्हणाली. मग एक फडकं उचलून पिळायला लागली. बाहेर फाटक वाजलं. लेक धावत आली, मला हाताला धरून बाहेर काढलं आणि दाराला बाहेरून कडी घातली. स्वयंपाकघरातून कांदा परतल्याचा वास येत होता. हॉलमध्ये एक म्हातारे नवरा-बायको उभे होते. पडदे छान आहेत म्हणत होते.

त्या दोघांनी ते घर घेतलं की आणखी कोणी, मला माहीत नाही. खपलं एवढं खरं. लेक आणि जावई लांब कुठे भाड्याच्या दोन खोल्यांत गेले. "जागा लहान आहे, आई," असं लेकीने सांगितलं आणि तिची रवानगी परगावी केली, एका अंथरुणाला खिळलेल्या श्रीमंत म्हाताऱ्याची उसाभर करायला. जेवण आणि झोपायला जागा, म्हातारा असेपर्यंत. तो गेला की हिची सोयही संपणार होती. तो चिवट निघाला. त्याच्या आधी तीच गेली, छातीनेच.

मला हे लेकीच्या फोनवरून कळलं, तेही बरेच दिवसांनी. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. "कोणाला त्रास नाही दिला," ती म्हणाली. "अंथरुणाला खिळली असती तर कोणी केलं असतं?" मग तिने विचारलं की आमच्या गल्लीत एखादं घर स्वस्तात निघणार असेल तर कळवाल का, मुलं मोठी होताहेत, दोन खोल्या पुरत नाहीत.

मी म्हटलं, बघते.